सून घरी नाही

लग्नात माझ्या सुनेचा ब्लाउज फाटला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती नक्की काय काम करते.

मुलाने आधी सांगितलं होतं, नाही असं नाही. ती स्वीडनची आहे, बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरते, पायांत लांबलचक पट्ट्या आणि हातात काठ्या असतात, वगैरे. मी "हो का, छान" म्हणून पोळ्या लाटत राहिले. मुलगा इथे हॉलंडातच वाढलेला. त्याचं मराठी म्हणजे निम्मं सामान स्टेशनवर विसरून आलेल्या पाहुण्यासारखं. त्यामुळे हा खेळ आहे, नोकरी आहे की सहल आहे, ते माझ्या ध्यानात आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम साठीची. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं.

तर ब्लाउज. मापं तिने स्वतः घेऊन पाठवली होती. आमच्या पुण्याच्या शिंप्याने ती पाहून फोन केला, की वहिनी, हे नवरीचं माप आहे की नवरदेवाच्या शेरवानीचं? मी त्याला समजावलं की परदेशी माणसं मापं सैल घेतात, तू आपला दोन इंच कमी करून शीव. शिंपी बिचारा दोनदा म्हणाला, बघा हं. मी म्हटलं, बघितलंय.

लग्न झूटरमेरमध्येच, आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, तिने हार घालायला दोन्ही हात वर केले आणि टर्रकन आवाज आला. दोन्हीकडची शिवण, काखेपासून खालपर्यंत. भटजी अक्षता हातात धरून थांबले. माझी जाऊ खास पुण्याहून आली होती, तिच्या तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. सगळ्यांत मोठ्याने हसली ती नवरी. हसत हसतच तिने हार घातला. मी शेला घेऊन तिच्यामागे धावले, तेव्हा ती पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली. आमच्या माहेरी दगडी पाटा होता, त्याची आठवण झाली. अशी पाठ सहलीला जाऊन होत नाही, एवढं मला त्या क्षणी समजलं.

मग मी चौकशी सुरू केली. लग्न लागल्यावर.

ती स्वीडनच्या पार वरच्या भागातली. तिचे वडील बस चालवायचे आणि आई अजूनही शाळेची बस चालवते. गावात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून लहानपणी क्लबात घातली. मुलींच्या संघात ती पुढे होती, मग देशाच्या संघात गेली, आणि तिथे मागे पडली. छोट्या शर्यतींत शेवटी जो जीव तोडून वेग काढावा लागतो, तो तिच्याकडे नव्हता. "मी ट्रक आहे, आई, मोटारसायकल नाही," असं तिने मला एकदा समजावलं. एका हंगामानंतर देशाच्या संघाने तिला वगळलं. दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. ही लांबच्या शर्यतींकडे वळली. साठ किलोमीटर, सत्तर, नव्वद. त्या शर्यतींत पाय फारसे हलवतच नाहीत. दोन्ही काठ्या एकदम बर्फात रोवायच्या, पोटापासून वाकायचं आणि स्वतःला पुढे ढकलायचं, परत उठायचं, परत रोवायच्या. असं चार-चार, पाच-पाच तास. आपल्याकडे उखळात कांडतात ना, तसं. फक्त इथे उखळ पुढे पळत असतं.

त्यात ती चांगली निघाली. एका लहानशा व्यावसायिक संघात शिरली. कधी चौथी, कधी सहावी, एकदा तिसरी. त्या तिसऱ्या नंबरचा फोटो तिच्या आईकडे आहे, फ्रिजवर, मासे वितळायला कधी काढायचे त्या चिठ्ठीच्या शेजारी.

हे सगळं मी पुण्याला कसं सांगितलं, ते आता आठवलं की मला माझीच कीव येते. जावेने विचारलं, म्हणजे ऑलिंपिकला जाते का? नाही म्हणायला मला जड गेलं. मी म्हणाले, "ऑलिंपिकच्या पुढचं आहे ते." जाऊ गप्प झाली, पण पुतणे गप्प बसणारे नव्हते. त्यांनी इंटरनेटवर शोधलं, आणि घरच्या ग्रुपवर "ऑलिंपिकच्या पुढच्या काकू" हे माझं नाव पडलं ते पडलंच.

आणखी एक दुखणं होतं. सून मुलाकडून आणि माझ्याकडून मराठी शिकली, पण मला 'तू' म्हणायची. आमच्यात सासूला 'अहो आई' म्हणतात. मी माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हटलं, त्या अतिदक्षता विभागात असतानासुद्धा. ही म्हणायची, "आई, तू मीठ विसरलीस." आणि खरंच विसरलेले असायचे. तिच्या देशात पंतप्रधानालाही तू म्हणतात म्हणे. मी ह्यांच्याकडे तक्रार केली. हे ब्रेडा शहरातल्या एका कंपनीतून निवृत्त झाल्यापासून शब्दकोडी सोडवतात. वर न बघता म्हणाले, "पंतप्रधानापेक्षा तुला जास्त हवं का?"

आता खरी गोष्ट. पस्तिशी ओलांडल्यावर ती गरोदर राहिली. बाळ मेच्या शेवटी येणार होतं. तिच्या संघाच्या प्रमुखाने गोड शब्दांत सांगितलं, की अभिनंदन, जागा रिकामी ठेवतो, पण डिसेंबरातल्या पहिल्या शर्यतीत पहिल्या दहांत येऊन दाखव. आलीस तर हंगाम तुझा. नाही आलीस तर आम्हाला तरुण मुली बघाव्या लागतील. तिला तो एक हंगाम हवा होता. पदकासाठी नव्हे. ती मला म्हणाली होती, "मला स्वतः थांबायचं आहे, आई. कोणी थांबवायला नको." मी मान डोलावली. मनात म्हटलं, एकदा मूल मांडीवर आलं की उतरेल हे खूळ.

त्यांचं अ‍ॅमस्टरडॅमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक उभा जिना. तिच्या आईला बस सोडून येता येत नव्हतं. मग बाळंतपणाला माहेर कुठलं? मी जाहीर केलं, माझं घर हेच तुझं माहेर. आणि तयारीला लागले. पुण्याहून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, ओवा असं सगळं मागवलं. धुरीसाठी मातीची शेगडीसुद्धा आणवली. कस्टमवाल्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि हे काय म्हणून ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "माझ्या बायकोला विचारा." त्याने विचारलं नाही.

माझा बेत सरळ होता. सव्वा महिना सुनेने खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. कान बांधलेले, खिडक्या बंद, मालीश, शेक, धुरी, लाडू, झोप. तिचा बेत असा, की फिजिओने परवानगी दिली की पायांत चाकांच्या पट्ट्या बांधून सायकलच्या रस्त्यावर उतरायचं. बर्फ नसतो तेव्हा ही मंडळी चाकांवर सराव करतात. हॉलंडात डोंगर नाही, पण वारा आहे. हायवेवरून जाणारा सायकलचा पूल हीच आमच्या भागातली चढण. तिने स्वीडनला आईला फोन लावून माझा बेत सांगितला, तेव्हा पलीकडून एकच वाक्य आलं. मुलाने मला भाषांतर करून दिलं: "बाळंत झाली आहे, आजारी नाही." मी त्या बाईंना मनातल्या मनात बरंच ऐकवलं. आता आम्ही फोनवर तास तास बोलतो. भाषा एकही सारखी नाही, पण विषय सारखे आहेत.

नात झाली. तीन बाजूंनी युद्ध सुरू झालं. इथे बाळंतिणीकडे आठवडाभर सरकारमान्य नर्स येते. ती यायची आणि आधी खिडकी उघडायची. मी बंद करायची. ती सुनेला चालायला लावायची, मी झोपवायची. ती बाळाच्या खोलीत थर्मामीटर ठेवायची, मी त्यावर टोपडं वाळत घालायची. त्यात सुनेचं तिसरंच. स्वीडनमध्ये बाळांना बाबागाडीत घालून भर थंडीत बाहेर झोपवतात. ती गाडी अंगणात ठेवायची, मी आत आणायची, ती परत बाहेर. समोरचे डच आजोबा खिडकीत कॉफी घेऊन बसायला लागले. त्यांना वाटलं असावं, आमच्यात ही काही पूजा असते.

शेवटी तह झाला. बाबागाडी बाहेर, पण छत्रीखाली. खिडकी उघडी, पण सुनेचे कान माझ्या लोकरी मफलरने बांधलेले. मालीश तिला मनापासून आवडलं. तिला आयुष्यभर संघाच्या मालीशवाल्यांनी चोळलेलं. ती म्हणाली, तुझे हात त्यांच्यापेक्षा चांगले आहेत. मी आठवडाभर फुगून फिरत होते.

तिने मला त्याच दिवसांत एक नियम समजावून सांगितला होता. दोनदा सांगितला होता. ह्या खेळात औषधं घेऊन फसवणारे असतात, म्हणून तपासणीची माणसं न कळवता घरी येतात. आज आपण कुठे झोपलो आहोत, आणि दिवसातल्या कोणत्या एका तासात कुठे हमखास सापडू, ते खेळाडूने आधी कळवून ठेवायचं. तिने सकाळचे सहा ते सात दिले होते, पत्ता आमचा. त्या तासात माणसं आली आणि खेळाडू सापडला नाही, तर चूक मांडली जाते. वर्षात तीन चुका झाल्या की बंदी. तिच्या दोन झालेल्या होत्या: एक घर बदलताना, दुसरी घाईने दवाखान्यात गेली तेव्हा. बाळंतपणापुरतं ह्यातून बाहेर पडता आलं असतं, पण मग परत आल्यावर सहा महिने शर्यत बंद, म्हणजे डिसेंबर गेला. म्हणून ती आत राहिली होती. हे सगळं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे, समोर बसून डिंक तळत होते. तळताना डिंक फुलतो तिकडे लक्ष द्यावं लागतं.

आणि मग ती सकाळ. रात्रभर नात रडली होती. मुलगा खाली सोफ्यावर तोंड उघडं टाकून पडला होता, हे कानात बोळे घालून वर झोपलेले. सुनेचा पहाटे कुठे डोळा लागला होता. मी नेहमीप्रमाणे उठून आंघोळ करून ओट्यापाशी, आणि बेल वाजली. मी धावतच गेले, दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून. दारात दोन बायका. एक उंच, एक ठेंगणी. अंगात सारखी जाकिटं, गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला बॅगा. उंच बाईने सुनेचं नाव घेतलं आणि ती आहे का विचारलं.

ती ओळखपत्रं बघूनच माझं डोकं तापलं. मला वाटलं, त्या नर्सने वर तक्रार केली आणि ही मोठी पथकं आली खिडक्या उघडायला. सकाळी सहाला! ओल्या बाळंतिणीला उठवायला! खेमेंटेच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या वर्गात मी दोन वर्षं डच शिकले होते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून इतकं शुद्ध, इतकं ठाम वाक्य निघालं नव्हतं. मी म्हणाले, "ती घरी नाही."

आपल्याकडे हे काही खोटं धरत नाहीत. झोपलेल्या माणसासाठी 'घरी नाही' म्हणायचं ही रीत आहे. माझी आई वर्गणीवाल्यांना सांगायची, आणि आतून वडिलांच्या घोरण्याचा आवाज येत असायचा. वर्गणीवाले समजून जायचे.

ह्या समजल्या नाहीत. उंच बाईने घड्याळ पाहिलं, काहीतरी टिपलं आणि म्हणाली, ठीक आहे, आम्ही सात वाजेपर्यंत इथे थांबतो. मी म्हटलं थांबा. दार लावलं. ओट्यापाशी आले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढचं अंगण दिसतं. दोघी आमच्या ठेंगण्या कुंपणाला टेकून उभ्या. भुरभुर पाऊस सुरू झाला. ठेंगणीने बॅग पोटाशी धरली.

मी चहा टाकला. माझा. आलं किसलं. खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून मुद्दाम डब्यांची फडकी बदलली. मग बघितलं. उभ्याच होत्या. सरकारी का असेनात, कोणाच्या तरी लेकी, सकाळी काही खाऊन आल्या असतील की नाही कोण जाणे. दारात माणूस उभा आणि घरात चहा उकळतोय, हे माझ्याने होईना. शेवटी पातेल्यात आणखी दोन कप पाणी घातलं, कपबश्या भरल्या, बशीत शंकरपाळे ठेवले आणि छत्री काखेत धरून ट्रे घेऊन बाहेर गेले. उंच बाईने आधी नको म्हटलं. ठेंगणीने शंकरपाळा घेतला, मग उंच बाईनेही घेतला. हे कसं करतात, असं ठेंगणीने विचारलं. आता मला कोणी कृती विचारली की मी उभ्या उभ्या सांगत नाही, सविस्तर सांगते. तुपाचं मोहन कडकडीत हवं इथपर्यंत मी आले असेन, आणि आवाज बहुधा चढला असेल, कारण वरची खिडकी उघडली.

सुनेने खाली पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने त्या बॅगा पाहिल्या.

जिन्यावरून धडधड ऐकू आली आणि ती दारात. अनवाणी, माझा गाऊन घातलेला, केस तेलाने थापलेले, कानांवरून मफलर, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. मला तिने बाजूला सारलं. हळूच नाही. पाट्यासारखी पाठ म्हणाले ना, तिचा धक्का कसा असतो तेही कळलं.

"किती वाजले?" तिने त्या बाईला विचारलं.

सात वाजायला थोडाच वेळ उरला होता.

"मी घरी आहे," ती म्हणाली. "सगळा वेळ घरीच होते. वर झोपले होते."

उंच बाईने माझ्याकडे पाहिलं. मी शंकरपाळ्यांच्या बशीकडे पाहिलं.

पुढे सगळं नियमाने झालं. पासपोर्ट बघितला. फोटोशी तोंड जुळेना, म्हणून मफलर काढायला सांगितला. मी म्हटलं, कानात वारा जाईल. कोणी लक्ष दिलं नाही. मागच्या आठवड्यात काय काय पोटात गेलं ते विचारलं. सुनेने लाडूंमधल्या प्रत्येक पदार्थाची माहिती संघाच्या डॉक्टरांना आधीच पाठवून मंजुरी घेतलेली होती. मला हे माहीतच नव्हतं. मग लघवीचा नमुना. त्यासाठी ती उंच बाई संडासात सोबत, समोर उभी, बघत. मी आधी हरकत घेतली, मग दाराबाहेर पहारा दिला. आत शांतता. बराच वेळ शांतता. बिचारी नुकती बाळंत झालेली, त्यात घाबरलेली, समोर परकी बाई. तिला काही होईना. ठेंगणी पाण्याचे ग्लास पुढे करत होती. तेव्हा मला एकच उपाय सुचला, जो आपण तान्ह्या बाळांना करतो. मी दाराला तोंड लावून "शूऽऽऽ" केलं. "शूऽऽऽ, शूऽऽऽ."

आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग दुसरा. काम झालं.

त्या दोघी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मला वाटलं आता हसेल. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"आई, तू सांगितलंस मी घरी नाही."

"अगं, झोपली होतीस."

"झोपलेली असते तेव्हा पण मी घरी असते." ती सावकाश मराठीत बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवत. "ही तिसरी वेळ झाली असती. तिसरी म्हणजे बंदी. बंदी संपेपर्यंत मी म्हातारी. मग मी परत येत नाही. सगळे म्हणतील, हिने काहीतरी घेतलं, म्हणून लपली. माझ्या गावात पण म्हणतील."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मूल मांडीवर आलं की खूळ उतरेल म्हणणारी मी, त्या खुळाला गाव असतं, तिथे फ्रिजवर फोटो असतो, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. पण मी तेव्हा साठीची होते, हार मानायचं वय नव्हतं ते. मी म्हटलं, "आणि चहा कोणी दिला त्यांना? चहा नसता तर तुझी खिडकी उघडली असती का?"

ती हसली नाही. चहा प्यायली आणि वर गेली. पायऱ्यांवर पाय जड पडत होते.

आमच्या घरात ही गोष्ट आजही दोन तऱ्हेने सांगितली जाते. एकीत मी तिला जवळजवळ बुडवलं, दुसरीत मी तिला वाचवलं. दुसरी फक्त मी सांगते.

दुसऱ्या दिवसापासून मी सहा वाजता खुर्ची घेऊन पुढच्या दाराशी बसायला लागले. शाल, चष्मा, विणकाम. बेल वाजायची वाट बघायची नाही, काचेतून कोणी दिसलं की दार उघडायचं आणि बजावायचं: "आहे, घरी आहे, वर आहे, बोलावते." पेपरवाल्याला सांगितलं. एका पार्सलवाल्याला सांगितलं, तो म्हणाला फक्त सही हवी आहे, कोणाचीही. समोरचे डच आजोबा कुत्रा घेऊन निघाले, त्यांनाही सांगितलं. ते थांबून म्हणाले, "अभिनंदन." तपासणीवाल्या बायका त्यानंतर परत आल्या त्या थेट सप्टेंबरात. ठेंगणीने येतानाच विचारलं, आज तळलेलं काही आहे का.

सव्वा महिना झाला, फिजिओने मान हलवली, आणि ती चाकांवर उतरली. मी सायकलवर तिच्या मागे, बास्केटमध्ये पाण्याच्या बाटल्या. प्रेमाने जात होते असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिच्या पाठीमागे वारा लागत नाही. पूल आला की ती काठ्या रोवत सरसर वर, मी उतरून सायकल ढकलत. दूध पाजायची वेळ झाली की हे नातीला बाबागाडीत घालून पुलाखाली आणायचे. ती चाकं न काढता बाकावर बसून पाजायची, आणि येणारेजाणारे सायकलवाले घंटा वाजवायचे. पावसाळी शरद आला, पानं रस्त्यावर चिकटली, ती दोनदा पडली. एकदा कोपर पूर्ण सोलून आली. मी हळद लावायला गेले तर म्हणाली, "आधी विचारते." आणि डॉक्टरांना फोटो पाठवला. हळदीचा.

डिसेंबरातली शर्यत स्वीडनला, तिच्या गावापासून जवळ. मुलगा आणि नात तिच्यासोबत गेले. मला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. जूनमध्ये स्वेटर घालणारी बाई मी. तिथे उणे अठरा होतं.

शर्यत लॅपटॉपवर दिसणार होती. हे आणि मी सकाळपासून समोर. चित्र हलायचं, थांबायचं. सगळ्या सारख्याच. टोप्या, काळे चष्मे, वाफा. मला तिची पाठ ओळखता येते असा माझा दावा होता. मी बोट दाखवलं, ही, निळ्यातली. निळी सुरुवातीपासून पुढच्या चौघींत होती. मी देव पाण्यात घातले, उदबत्ती लावली, पुण्याच्या ग्रुपवर कळवलं की आपली पुढे आहे. तास उलटून गेला. मग समालोचकाने निळीचं नाव घेतलं आणि हे म्हणाले, "ही तर नॉर्वेची आहे." म्हणजे तासभर मी दुसऱ्याच कोणाच्या तरी सुनेसाठी देव बुडवून ठेवले होते.

आमची मागे होती, बरीच मागे. तिला त्यांनी एकदाच दाखवलं, चढणीवर, एकटी, पुढच्या घोळक्यापासून तुटलेली. बाकीच्यांचे खांदे चढणीवर वरखाली उडत होते, हिचं मात्र तेच, रोव, वाक, उठ. ट्रक. मी ह्यांचा हात धरला, ह्यांनी शब्दकोड्याचं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा कॅमेरा पुढच्यांवर गेला आणि राहिला. शेवटी पडद्यावर नुसती नावं आणि आकडे येऊ लागले. पहिली, दुसरी, पाचवी, सहावी. आठवी. नववी कोणी फ्रेंच होती. दहावं नाव आलं ते आमचं. मी पुण्याच्या ग्रुपवर काही लिहिलं नाही. आधी देव पाण्यातून काढून पुसले.

संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ फोन आला. ती टेबलाशी बसली होती, नाकाचं टोक सोललेलं, नात मांडीवर. मुलाने सांगितलं, संघप्रमुखाचा फोन येऊन गेला. हंगाम तिचा. पण जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत संघ उत्तरेलाच राहणार, लाकडी घरांत. मुलाला इतकी रजा नाही, त्याचे झुइडासच्या ऑफिसातले साहेब म्हणतात आठवड्याला दोनच दिवस लांबून काम कर. तिची आई बस सोडून फार तर शनिवार-रविवारी येऊ शकते. हे माझ्याकडे बघायला लागले.

सुनेने फोन हातात घेतला. "आई," ती म्हणाली, "तू येशील? तुझ्याशिवाय मी जात नाही. मग मी स्वतः थांबते, चालेल मला. दहावी आले ना." तिला चालणार नव्हतं. ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, सोललेल्या नाकासकट.

मी खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे पाऊस. हे खाकरले. मी म्हटलं, "तिथे एवढ्या थंडीत लंगोट वाळतात कुठे, ते आधी सांग."

ती आईशी स्वीडिशमध्ये काहीतरी बोलली, पलीकडून आईचं लांबलचक उत्तर आलं.

"बाहेर दोरीवर," ती म्हणाली. "आधी गोठतात, मग वाळतात."

मी ह्यांना तिकीट काढायला सांगितलं.